पेलेनिस हो म्हणाली होती

तुम्ही चोर आहात, साहेब.

नाव घेत नाही. घेतलं तर म्हणाल, हा एका माणसावर डूख धरून बसलाय. तुम्ही एक माणूस नाहीच. तुम्ही शिक्षण खात्याची खुर्ची आहात. वर बसणारं बूड बदलतं, खुर्ची तिथंच राहते. साधा चोर निदान तोंड बांधून येतो, चाहूल लागली की पळतो. तुम्ही भर उजेडात येता, हसत येता, पोराच्या एका हातात बक्षीस ठेवता आणि दुसऱ्या हातातलं काढून घेता. वर ज्याचं चोरीला गेलं तोच उभा राहून तुमचे आभार मानतो. अशी सुबक चोरी मी दुसरी पाहिली नाही.

मंडळी, तुम्हीही ऐका. दूरच्या बेटावरची गोष्ट म्हणून कूस बदलू नका. तुमच्याही गावात शाळा आहे. तुमच्याही शाळेत 'अ' तुकडी आहे आणि 'ड' तुकडी आहे. 'ड' तुकडीत कुणाची पोरं बसतात हे तुम्हाला वर्गात न डोकावता सांगता येतं.

ऑकलंडच्या दक्षिणेला विमानतळाकडं जाणारा रस्ता आहे. त्याच्या अलीकडं आम्हा सामोअन लोकांची घरं, पलीकडं टेकडी, आणि टेकडीवर गोऱ्यांची घरं. शाळा दोघांच्या मधे. लोसा आणि तानिएलू आमच्या बाजूचे. लोसा विमानातल्या जेवणाचे ट्रे भरते. तानिएलू मटणाच्या थंड गोदामात माल उचलायची गाडी चालवतो आणि रविवारी चर्चचा कारभार बघतो. त्यांची थोरली पेलेनिस, सोळा वर्षांची. तिला विमानं दुरुस्त करायची होती. उडवायची नव्हती. "उडवणारा नुसता बसून असतो," असं तिचं मत होतं.

त्यांच्या बैठकीच्या भिंतीवर पेलेनिसची बक्षिसं टांगलेली. गणितात पहिली, पुन्हा गणितात पहिली, पुन्हा पहिली. प्रत्येक चौकटीला शिंपल्यांची माळ. घरी कुणीही आलं की तानिएलू त्या भिंतीकडं पाठ करून बसायचा, म्हणजे पाहुण्याचं तोंड आपोआप बक्षिसांकडं व्हायचं.

त्या संध्याकाळी जेवायला नारळाच्या दुधात शिजवलेलं अळू आणि मटण होतं.

"अजून वाढू?" लोसानं विचारलं.

पेलेनिसनं भुवया उचलल्या. लोसानं वाढलं. आमच्यात हो म्हणायला तोंड लागत नाही. भुवया वर गेल्या की हो. मोठ्यांपुढं तर तसंच करायचं, नजर खाली आणि भुवया वर. मोठ्या माणसाच्या डोळ्यात डोळे घालून मोठ्यानं "हो" म्हणणारं पोर आमच्यात उद्धट गणलं जातं.

पण तिनं वाढलेलं खाल्लं नाही.

"आई, मला पुढच्या वर्षी फिजिक्स मिळणार नाही."

"मिळणार नाही म्हणजे? संपलं?"

"सर म्हणाले, माझं गणित तिकडं जात नाही."

"जात नाही? गणिताला काय बस पकडायची असते?"

"आमच्या तुकडीचं गणित वेगळं आहे आई. आम्हाला दुकानातली सूट काढायला शिकवतात. किती पिठाचे किती पाव होतात ते शिकवतात. दुसऱ्या तुकडीला बीजगणित आहे. फिजिक्सला ते लागतं. विमानाच्या कोर्सला पण."

"मग तुला ते कधी शिकवलं?"

"नाही शिकवलं."

"पण तू पहिली आलीस की."

पेलेनिसनं ताट थोडं पुढं सरकवलं. "त्या तुकडीत पहिली आले, आई."

तुकड्यांना शाळेनं नावं फार गोड ठेवली होती, इथल्याच पक्ष्यांची. वरची तुकडी कोटुकू, म्हणजे पांढरा बगळा. खालची वेका, म्हणजे इथल्या रानात सहलीवाल्यांच्या कचऱ्याभोवती फिरणारा तपकिरी पक्षी. त्याला पंख आहेत, उडता येत नाही. बगळ्यांच्या तुकडीत टेकडीवरची पोरं, वेकांत आमची. शाळा म्हणते, आम्ही रंग बघून वाटत नाही, बुद्धी बघून वाटतो. बरं. मग ही बुद्धी टेकडीवरच कशी पिकते? तिकडची माती वेगळी आहे का?

"तुला त्या तुकडीत घातलं कुणी?" लोसानं विचारलं.

"विटकॉम सरांनी. तेराव्या वर्षी या शाळेत गेल्या गेल्या एकेकाला समोर बसवून विचारलं होतं."

"काय विचारलं?"

"अपूर्णांक येतात का. मी हो म्हणाले. समीकरणं केलीयेस का. हो म्हणाले. फळ्यावर करून दाखवशील का. हो म्हणाले. मग सर म्हणाले, बरं बरं, घाबरू नकोस, जा आता."

"मग फळ्यावर का नाही बोलावलं?"

"काय माहीत."

तानिएलू इतका वेळ हाडातला रस चोखत होता. आता म्हणाला, "शाळेला कळतं, लोसा. शिकलेली माणसं आहेत. काही विचार करूनच घातलं असेल."

"तुम्हाला माहीत होतं तुकड्यांचं?"

"दर वर्षी बोलावतात की. सांगतात, पोरगी छान चाललीय, खूश आहे. मी आभार मानतो."

"आणि काय विचारता?"

"मी काय विचारू? मास्तरांना उलट विचारायचं असतं का?"

दुसऱ्या दिवशी लोसा कामावरून तशीच शाळेत गेली. केसांच्या जाळीचा वळ कपाळावर होता. पिशवीत भिंतीवरचं एक बक्षीस होतं, चौकटीसकट.

विटकॉम सर हे शाळेतले दोन नंबरचे साहेब. माणूस वाईट दिसत नाही. मऊ बोलतो, पाणी विचारतो, खुर्ची पुढं ओढतो. असलीच माणसं जास्त नुकसान करतात, कारण त्यांच्यावर ओरडायला लाज वाटते.

"पेलेनिस म्हणजे सोनं आहे," सर म्हणाले. "नेहमी हसतमुख. समूहगानात तिचा आवाज ऐकलाय मी."

"सोनं आहे तर पितळेच्या डब्यात का ठेवलंत?"

"तसं नाही हं. प्रत्येक मुलाचा आपापला वेग असतो. तिला झेपेल तिथं ती चमकावी, एवढंच आम्ही बघतो. आणि वाटा किती आहेत! बालवाडी आहे, हॉटेलचं काम आहे. तुमच्या लोकांमध्ये माया उपजत असते."

"तिला विमानं दुरुस्त करायचीत. विमानाला माया लावून ते उडतं का?"

सर हसले. विनोद झाला असं त्यांना वाटलं.

"त्या तुकडीतून या तुकडीत कुणीच जात नाही का?" लोसानं विचारलं.

"जातात की. पालकांनी विनंती केली तर आम्ही पुन्हा तपासून बघतो. काही पालक फोन करतात. पुन्हा पुन्हा करतात." सरांनी हात झटकला. "शेवटी आम्ही म्हणतो, बरं बाई, बसवतो तिला."

"कुठले पालक?"

 सरांची नजर खिडकीतून टेकडीकडं गेली आणि लगेच परत आली.

"विनंती करता येते हे आम्हाला कुणी सांगितलं?"

"तुम्ही विचारलं नाहीत."

मंडळी, हे वाक्य नीट ऐका. तुम्ही विचारलं नाहीत. म्हणजे तुकडी डोक्यावर ठरतच नाही. आईला शाळेत फोन करायला किती वेळ आहे, किती धीटपणा आहे, कुठली भाषा आहे, यावर ठरते. टेकडीवरची आई फोन करू शकते. लोसा त्या वेळी दुसऱ्यांच्या जेवणाचे ट्रे भरत असते.

"आणि खरं सांगू," सर समजुतीनं म्हणाले, "तुमचे मिस्टर तर किती समाधानी आहेत. दर वर्षी येऊन आभार मानतात. मागच्या वेळी नारळाचे पाव आणले होते. अप्रतिम होते."

लोसानं पिशवीतून ती चौकट काढली, सरांना नीट वाचता येईल अशी समोर धरली, आणि त्यांच्या डोक्यावरून खिडकीत भिरकावली.

काच खळकन खाली आली. लोसाला बरं वाटलं. खोटं कशाला सांगू, मलाही ऐकून बरं वाटलं.

पण काच त्यांची होती. त्याच दिवशी शाळेनं लोसाला फाटकाच्या आत यायची बंदी घातली आणि प्रकरण मिटेपर्यंत पेलेनिसनं घरीच बसावं असं कळवलं. पुढच्या वर्षीचे विषय तर ठरायचे होतेच. पोरगी शाळेबाहेर असताना तिचे विषय कोण ठरवणार? वेकाची जागासुद्धा आता जाते की काय अशी वेळ आली. काच एक दिवसात बसली. आमची पोरगी बाहेर.

तानिएलूनं घरात कुणाशी न बोलता आतली पेटी उघडली आणि चटई काढली. ही बसायची चटई नव्हे. रेशमासारखी मऊ, लोसाच्या आईनं विणलेली, लग्नामयतालाच बाहेर निघणारी. आमच्यात कुणाचा मोठा अपराध झाला तर अपराध्याच्या घरानं अशी चटई डोक्यावर पांघरायची आणि पहाटेपासून समोरच्याच्या दारात जमिनीवर बसायचं. बोलायचं नाही, हलायचं नाही. समोरच्यानं बाहेर येऊन चटई उचलली की माफी मिळाली. चटई त्याची झाली. नाही उचलली तर तो दगडानं मारू शकतो, पूर्वी मारायचेही. याला आम्ही इफोंगा म्हणतो.

"मी बसायचं?" लोसा म्हणाली. "मी डोकं झाकायचं? त्यांनी माझ्या पोरीला फसवलं आणि मी त्यांच्या दारात बसायचं? त्यापेक्षा पेटवून देईन ती शाळा."

"पेटव," दारातून आवाज आला. "आणि पोरांना कुठं शिकवशील? गोदामात?"

लोसाचा थोरला भाऊ अपेरामो आला होता. आमच्यात प्रत्येक मोठ्या घराण्यात एक बोलणारा असतो. लग्न असो, भांडण असो, घराण्याच्या वतीनं काठी टेकून तोच बोलतो. त्याचं बोलणं मधे तोडायचं नाही हा नियम. अपेरामो आमच्या घराण्याचा बोलणारा. बोलण्यात कुणाला ऐकत नाही, बायको सोडून.

"दादा, तुम्हीच सांगा हिला," तानिएलू म्हणाला. "मास्तरांचा मान राखायला नको?"

"राख ना. पण तू मान देतोस कुठं? तू मान घालतोस."

"म्हणजे?"

"मान देणं वेगळं, मान घालणं वेगळं. मान देणारा समोर उभा राहून देतो आणि समोरच्यानं तो सांभाळावा अशी त्याची अपेक्षा असते. मान घालणाऱ्याला खालची जमीन दिसते फक्त. त्यांनी तुझ्या पोरीला तळघरात बसवलं आणि तू दर वर्षी पाव घेऊन गेलास."

 तानिएलूच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या.

"मग बसायचं नाही ना?" लोसा म्हणाली.

"बसायचं. काच आपण फोडली. आपली चूक आपण झाकणार नाही, डोकं झाकू. पण लोसा, चटई उचलल्यावर काय होतं?"

"बोलणारा बोलतो."

"आणि त्याला मधे तोडतात का?"

लोसानं भावाकडं बघितलं. त्या दिवसात पहिल्यांदा ती हसली. तिचं हसणं बघून तानिएलूनं मनातल्या मनात प्रार्थना सुरू केली असावी.

"नुसतं बोलून मन भरणार नाही माझं," ती म्हणाली. "मला त्यांना खाली बघायला लावायचंय."

"म्हणून तर सांगतोय. दगड मारलास तर त्यांची काच फुटते. नीट लाज काढलीस तर त्यांना ती बदलून बसवता येत नाही."

सोमवारी शाळा भरायच्या आधी आम्ही सगळे गेलो. आत यायची बंदी, म्हणून फाटकाबाहेर फुटपाथवर बसलो, बरोबर मधोमध. चटईखाली लोसा आणि तानिएलू. शेजारी अपेरामो, उघडं अंग, कमरेला वस्त्र, हातात काठी. मागं चर्चमधल्या बायका. पेलेनिस कडेला, शाळेच्या कपड्यांत.

"तुमचं कोपर काढा," चटईखालून लोसाचा आवाज आला.

"माझं कोपर माझ्यापाशीच आहे."

"मग हे काय टोचतंय?"

"गप बसायचं असतं, लोसा. इफोंगा आहे."

टेकडीवरच्या गाड्या येऊ लागल्या आणि अडू लागल्या. एका बाईनं काच खाली करून विचारलं, "आज तुमचा काही सण आहे का?"

"हो," मागच्या रांगेतली एक म्हातारी म्हणाली. "माफीचा. तुमच्यात असतो का?"

काच वर गेली.

ऊन चढलं. पोरं कुंपणाला चिकटली. वेका तुकडीतली पोरं आत जाता जाता थांबली, आणि एकेक करून बायकांच्या मागं येऊन मांडी घालून बसली. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. घंटा झाली तरी उठली नाहीत. मग मात्र आतून हालचाल झाली. मुख्याध्यापिका ऑल्डरिज बाई बाहेर आल्या, मागं विटकॉम सर. ऑफिसातल्या आमच्याच एका पोरीनं बाईंना सांगितलं असावं, कारण बाई सरळ पुढं आल्या, वाकल्या आणि दोन्ही हातांनी चटई उचलली.

खाली घामानं निथळणारी दोन माणसं होती. बाईंचे डोळे भरून आले. खोटे नसावेत. त्या म्हणाल्या, "फार हृद्य आहे हे. आपली सगळ्यांची एकी राहो." आणि मागं वळून कुणाला तरी फोटो काढायला सांगितलं.

तेव्हा अपेरामोनं काठी फुटपाथवर टेकवली.

"बाईसाहेब, तुमची काच फुटली. हात आमचा होता. आम्ही डोकं झाकलं, तुम्ही चटई उचललीत. आमचं झालं. आता ही चटई तुमची. रिवाजच तसा आहे. इतकी वर्षं तुमच्याकडं माफी मागायला चटई नव्हती, म्हणून तुम्ही मागितली नसेल, असं मी समजतो. आता आहे."

बाईंचा चेहरा हळूहळू बदलला. चटई त्यांच्या हातात जड झाल्यासारखी दिसली.

"कशाची माफी?" विटकॉम सर पुढं आले.

"बोलणं तोडायचं नसतं, सर," कुंपणावरून एक पोरगं म्हणालं. "मोठा माणूस बोलतोय."

"ही पोरगी हुशार आहे की नाही हे तुम्ही तिला विचारून ठरवलंत," अपेरामो म्हणाला. "ती हो म्हणाली. तुम्ही तिला खाली बसवलंत. का?"

"माफ करा, पण ती हो म्हणालीच नाही. मी स्वतः विचारलं होतं. ती एकाही प्रश्नाला उत्तर देत नव्हती. खाली बघत बसायची. मी अन्याय करणारा माणूस नाही. आत्तासुद्धा विचारतो, सगळ्यांसमोर." सर तिच्याकडं वळले. आवाज मऊ केला. "पेलेनिस, तुला खरंच वाटतं का की तू त्या तुकडीचं गणित करू शकशील?"

पेलेनिसनं नजर खाली केली आणि भुवया उचलल्या.

सर थांबले. जरा वेळ वाट पाहिली. मग आमच्याकडं वळून, अगदी दुःखानं, म्हणाले, "बघा. हेच म्हणतो मी."

एक क्षण कुणालाच कळेना की सर काय म्हणतायत. मग वेकांच्या रांगेतून एक पोर हसलं. मग सगळी रांग हसली. आणि हसता हसता एक पोरगी रडायलाच लागली, कारण तिलाही तसंच समोर बसवून विचारलं होतं, आणि तीही तशीच हो म्हणाली होती.

"ती हो म्हणाली!" लोसा उभी राहिली. "आत्ता, तुमच्या तोंडावर हो म्हणाली! हिच्या कपाळावर लिहिलेलं अख्खं घर वाचू शकतं, शेजारी वाचू शकतात, दोन वर्षांचं पोर वाचू शकतं. आमची पोरं शिकवायचा पगार घेता आणि आमच्या पोरांचा होकार तुम्हाला वाचता येत नाही? मग अडाणी कोण? खालच्या तुकडीत कोण बसायला पाहिजे?"

विटकॉम सरांनी पेलेनिसकडं पाहिलं, मग मागच्या रांगेकडं. एकेका चेहऱ्याकडं. किती पोरांना त्यांनी समोर बसवलं होतं ते त्यांना आठवत असावं. 

तेव्हा तानिएलू उठला. हा माणूस चर्चमध्येसुद्धा खालच्या आवाजात आमेन म्हणतो. तो सरांच्या समोर जाऊन उभा राहिला, इतका जवळ की सरांना मागं सरावं लागलं, आणि त्यानं सरांच्या डोळ्यात बघितलं.

"मी तुमचे आभार मानले," तो म्हणाला. "दर वर्षी मानले. ते परत द्या."

"मला समजलं नाही..."

"माझे आभार परत द्या. चुकून दिले. तुम्ही घेतले, पाव खाल्लेत, आणि तोंडातून एकदाही निघालं नाही की तानिएलू, तुझ्या पोरीचा रस्ता बंद आहे. परत द्या."

सर काय देणार? आभार परत कसे देतात हे कुठल्याही कॉलेजात शिकवत नाहीत. त्यांनी मान खाली घातली. लोसानं ते डोळे भरून पाहिलं. तिला घाई नव्हती.

ऑल्डरिज बाई हळूच म्हणाल्या, "पेलेनिस उद्यापासून शाळेत यावी. पुढच्या वर्षी तिला कोटुकूत बसवू. राहिलेलं सुट्टीत शिकवू."

"आणि ही?" लोसानं मागची रांग दाखवली.

"एकेक करून बघू."

"टेकडीवरून फोन आल्यावर बघता तसं?"

बाई चटईची घडी घालू लागल्या.

मंडळी, गोष्ट इथं संपली असती तर तुम्हाला बरं वाटलं असतं. पोरगी वरच्या तुकडीत गेली, साहेब लाजले, टाळ्या. पण मी तुम्हाला बरं वाटावं म्हणून लिहीत नाही.

पेलेनिस कोटुकूत गेली आणि शेवटून दुसरी आली. भिंतीवर टांगायला त्या वर्षी काही नव्हतं. जे बीजगणित त्या पोरांनी तेराव्या वर्षापासून चघळलं, ते हिला एका उन्हाळ्यात गिळावं लागलं, तेही शनिवारी पावाच्या दुकानात काम करून. टेकडीवरच्या पोरांना घरी शिकवायला माणूस येतो. हिच्या घरी येतो तो मामा, आणि त्याला फक्त भाषणं येतात. तुमच्यातले काही जण आता म्हणतायत, पाहिलंत, शेवटी झेपत नाहीच. पाय बांधून ठेवायचे, शर्यत अर्धी झाली की सोडायचे, आणि वर म्हणायचं हिला धावता येत नाही. पेलेनिस रडत नाही. ती वर्गात हात वर करून मोठ्यानं विचारते, "सर, हे मला समजलं नाही, पुन्हा सांगा." तिला ते उद्धट वाटतं अजून. तरी विचारते. पुढच्या परीक्षेत ती कुठं असेल ते मला माहीत नाही. विमानाच्या कोर्सचं दार तिच्यासाठी उघडं आहे की नाही हेही माहीत नाही. ते ठाऊक असायला हवं होतं तुम्हाला, साहेब, ती तेरा वर्षांची असताना.

विटकॉम सर आता पोरांना प्रश्न विचारताना चेहऱ्याकडं बघतात म्हणे. बघू देत. उशिरा का होईना, शिकतायत. त्यांचाही आपापला वेग असेल.

बदलला तो तानिएलू. आता तो शाळेत पाव नेत नाही. आमच्या रस्त्यावरच्या बापांना गोळा करून नेतो. गोदामातले, विमानतळावरचे, सगळे कामाच्या बुटांत. समोर बसतात आणि विचारतात, माझं पोर कुठल्या तुकडीत आहे? त्या तुकडीतून रस्ता कुठं जातो? कुणी ठरवलं? मला लिहून द्या. त्यांची नजर आता खाली जात नाही. कामाला उशीर झाला तरी उठत नाहीत.

मंडळी, एवढंच शिका. मास्तरांना मान द्या, जरूर द्या, पण मान घालू नका. पोराच्या पहिल्या नंबराला हार घालायच्या आधी विचारा, कुठल्या वर्गात पहिला? त्या वर्गाला पुढं दार आहे का? आणि आपल्या पोराला वरच्या तुकडीत जागा मिळाली म्हणून शेजारच्याच्या पोराचं विचारायचं थांबू नका. त्यांना तेच हवं असतं.

आता तुमच्याकडं, साहेब.

ती चटई शाळेनं दर्शनी भिंतीवर लावलीय. वर दिवा सोडलाय. खाली पाटी आहे, 'आपल्या सामोअन कुटुंबांकडून प्रेमाची भेट'. पाहुणे येतात, विणकामाचं कौतुक करतात. तुम्हीही आला होतात, ऐकलं मी, आणि तिच्यासमोर उभं राहून हसत फोटो काढून घेतलात. वेका तुकडी अजून भरतेय. त्या भिंतीच्या मागच्याच खोलीत.

चटई भिंतीची नाही, साहेब. उतरवा ती. पहाटे आमच्या रस्त्यावर या, डोक्यावर घ्या आणि बसा. उचलायची की नाही ते आमची पोरं ठरवतील.

कधी येताय? तारीख सांगा.